तिला समजावू नका, आधी विचारा

प्रश्न : माझी पत्नी २६ आठवड्यांची गरोदर आहे, पहिलंच बाळंतपण. धनुर्वाताचं पहिलं इंजेक्शन तिने घेतलं. आता डॉक्टरांनी डांग्या खोकल्याची आणि फ्लूची लस सांगितली, तर ती नको म्हणते. ती शिकलेली आहे, नोकरी करते. माझी आई म्हणते, आमच्या वेळी कुठे होत्या एवढ्या लशी. करोनाच्या काळात पत्नीची बहीण बाळाला अंगावर पाजत होती, तेव्हा तिला लस घेऊ नका असं सांगून केंद्रावरून परत पाठवलं होतं. तेही हिच्या मनात आहे. तिला कसं समजावू?

उत्तर : तुमचा प्रश्न दोनदा वाचला. त्यात तुमच्या आईंचं मत आहे, मेहुणीचा अनुभव आहे, डॉक्टरांचा सल्ला आहे. तुमच्या पत्नीचा शब्द मात्र एकच आहे, ‘नको’. तिला नेमकी कशाची भीती वाटते हे तुम्ही लिहिलेलं नाही. कदाचित तुम्हालाही ठाऊक नसेल. म्हणून पहिली विनंती ही, की तिला समजावायला जाऊ नका. आधी विचारा. “तुला काय होईल असं वाटतंय?” एवढंच विचारा आणि गप्प बसा. ती बोलत असताना मधेच उत्तर देऊ नका.

एकतीस वर्षं मी बाळंतपणं करते आहे. पहिली नऊ मराठवाड्यातल्या एका ग्रामीण रुग्णालयात, पुढची तालुक्याच्या गावी स्वतःच्या दवाखान्यात. लस नको म्हणणाऱ्या बायका या काळात खूप भेटल्या, पण बेफिकीर म्हणून नको म्हणणारी त्यात क्वचितच. जी पपईला हात लावत नाही, ग्रहणात सुरी धरत नाही, डोकं ठणकलं तरी गोळी घेत नाही, तीच सुई बघून थबकते. नऊ महिने सगळं जग तिला सांगत असतं, हे खाऊ नको, ते उचलू नको, आणि एक दिवस आम्ही डॉक्टर म्हणतो, दंड पुढे कर. तिला प्रश्न पडला तर तिचं काय चुकलं?

आणखी एक हिशेब असतो, तो कुणी बोलून दाखवत नाही. सुई घेतली नाही आणि बाळ आजारी पडलं, तर लोक नशिबाला बोल लावतात. सुई घेतली आणि काही बरंवाईट झालं, तर तिला. “तुला कुणी सांगितलं होतं घ्यायला?” हा प्रश्न पुढे जन्मभर ऐकावा लागेल, हे प्रत्येक सुनेला माहीत असतं. शिकलेल्या सुनेला तर जास्तच, कारण निर्णय तिने स्वतः घेतलेला असतो. तुम्ही तिच्या बाजूने उभे राहणार असाल तर तिला आधी हे कळू द्या, की निर्णय दोघांचा आहे आणि कुणी विचारलं तर उत्तर तुम्ही द्याल.

आता तुमच्या आईंबद्दल. त्यांना एकदा विचारून बघा, तुमच्या वेळी त्यांनी दंडावर ‘टीटी’ घेतली होती का. बहुतेक घेतलीच असेल. सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रम १९८५ साली सुरू झाला, तेव्हापासून गरोदर बाईचं धनुर्वाताचं इंजेक्शन त्यात आहे. २०१९ पासून त्याच सुईत घटसर्पाचीही लस असते, म्हणून आता त्याला ‘टीडी’ म्हणतात, इतकाच फरक. त्यांच्या वेळी बायका कशाला भीत होत्या, ते मी पाहिलं आहे.

नोकरीला लागून वर्षही झालं नव्हतं. एका वस्तीवरून जीपमधून सात दिवसांचं बाळ आणलं. मुलगा होता. बाळंतपण घरी झालेलं, नाळ विळ्याने कापलेली, वर शेणाची राख लावलेली. पहिले चार दिवस बाळ छान प्यायलं, मग पिईना. आजी म्हणाली, तोंडच उघडत नाही. मी करंगळी त्याच्या ओठांत घातली तर जबडा आवळलेला. तेवढ्यात कुणीतरी दार ढकललं आणि त्या आवाजासरशी ते एवढंसं शरीर मागे वाकलं, डोकं आणि टाचा टेकलेल्या, पाठ अधांतरी. धनुर्वात हे नाव किती नेमकं आहे ते मला तेव्हा कळलं. खोलीत अंधार केला, कानात कापसाचे बोळे घातले, होती ती औषधं दिली. ओली बाळंतीण भिंतीला टेकून बसली होती, दूध भरून येऊन चोळी भिजलेली. दर थोड्या वेळाने विचारायची, “आता पाजू का?” तिसऱ्या रात्री बाळ गेलं. त्या आईला नऊ महिन्यांत एकही सुई मिळालेली नव्हती.

आपल्याकडे पाचवीच्या रात्री बाळाजवळ जागतात. सटवाई येऊन कपाळी लिहून जाते म्हणतात. नवजात बाळाला धनुर्वात गाठतो तोही साधारण तिसऱ्या ते चौदाव्या दिवसाच्या मधे. त्या जागरणात किती पिढ्यांच्या आयांची धास्ती असेल, असं मला दर पाचवीला वाटतं.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार १९८८ या एका वर्षात जगभरात ७ लाख ८७ हजार बाळं अशी गेली. २०१५ मध्ये भारतातून माता आणि नवजात धनुर्वाताचं निर्मूलन झाल्याचं जाहीर झालं. निर्मूलन याचा अर्थ एकही बाळ नाही असा नव्हे, तर प्रत्येक जिल्ह्यात हजार जिवंत जन्मांमागे एकाहून कमी. त्यात दवाखान्यातल्या बाळंतपणाचा वाटा आहे, स्वच्छ ब्लेडचा आहे आणि त्या टीटीचाही आहे. माझ्याकडच्या तरुण सिस्टरांनी असं बाळ पाहिलेलं नाही. रोग डोळ्यांसमोरून गेला, त्यामुळे त्याची भीतीही गेली. सुई मात्र अजून समोर दिसते.

आणि तरीही आपल्याकडच्या बायका लशीला नाही म्हणतात, असं सरसकट बोलणं मला पटत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९-२१ मध्ये, देशातल्या ९२ टक्के मातांचं शेवटचं बाळंतपण धनुर्वातापासून सुरक्षित होतं. टीटी आईने घेतली, सासूने घेतली, जावेने घेतली, म्हणून ती घेताना कुणी अडत नाही. तुमच्या पत्नीनेही ते इंजेक्शन घेतलंच की. डांग्या खोकल्याची लस तिच्या ओळखीत कुणी घेतलेली नाही, म्हणून ती परकी वाटते. तिच्या मैत्रिणींपैकी, ऑफिसातल्या बायकांपैकी कुणी घेतली असेल तर तिच्याशी गाठ घालून द्या. माझ्या अर्ध्या तासाच्या बोलण्यापेक्षा तिची दहा मिनिटं जास्त उपयोगी पडतील.

मेहुणीला जे सांगितलं गेलं, त्याबद्दल मला मनापासून वाईट वाटतं. ते बाजूला सारू नका, कारण ते खरं आहे. १६ जानेवारी २०२१ ला देशात करोनाची लस सुरू झाली तेव्हा गरोदर आणि पाजत्या बायकांना वगळलेलं होतं. चाचण्यांमध्ये त्यांना घेतलंच नव्हतं, म्हणून माहिती नव्हती. केंद्रावर विचारायचे, गरोदर आहात का, अंगावर पाजता का. हो म्हटलं की परत. पाजत्या बायकांना परवानगी मिळाली १९ मे रोजी, गरोदर बायकांना २ जुलैला. आणि मधे काय होतं? दुसरी लाट. मुंबईच्या नायर रुग्णालयाशी जोडलेल्या नोंदवहीतून भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने जे आकडे दिले, त्यात पहिल्या लाटेत करोना झालेल्या गरोदर आणि बाळंतिणींमधलं मृत्यूचं प्रमाण ०.७ टक्के होतं, दुसऱ्या लाटेत ५.७ टक्के. गरज सगळ्यात जास्त होती तेव्हाच आम्ही ‘थांबा’ म्हणत होतो.

त्या मे महिन्यात मीही एकीला परत पाठवलं. शाळेत शिक्षिका होती, चौथा महिना. म्हटलं, अजून परवानगी नाही, थांबू. जुलैत फोन केला, आता या. ती म्हणाली, “मॅडम, दोन महिन्यांत लस बदलली का?” मला पटकन उत्तर सुचलं नाही. लस तीच होती. परदेशातल्या हजारो गरोदर बायकांचा अनुभव तोवर समोर आला होता आणि इथे आजाराने केलेलं नुकसान आम्ही डोळ्यांनी पाहिलं होतं. बदललं होतं ते आमचं ज्ञान. हे तिला मी तसंच सांगितलं, आमचं आधीचं ‘नाही’ हे लस वाईट म्हणून नव्हतं, माहिती नाही म्हणून होतं. तिने आठवडाभर विचार केला आणि आली. तुमच्या पत्नीला मेहुणीची गोष्ट आठवली तर “ते सोड” म्हणू नका. तेव्हा असं का झालं ते सांगा.

गरोदर बायकांना चाचण्यांतून वगळण्यालाही जुनं कारण आहे. थॅलिडोमाइड नावाची गोळी १९५७ मध्ये जर्मनीत बाजारात आली, मळमळीवर म्हणून गरोदर बायकांनी घेतली आणि १९६१ च्या अखेरीला ती मागे घेईपर्यंत जगभरात दहा हजारांहून जास्त बाळं हातापायांच्या व्यंगासह जन्मली. त्या धक्क्यानंतर औषधांच्या जगाने गरोदर बाईला दूर ठेवलं. हेतू तिला जपायचा होता, पण तिच्याबद्दलची माहितीच जमेना. मात्र तुम्ही विचारलेल्या लशींना हे लागू नाही. टीटी अनेक दशकं, फ्लूची लसही अनेक दशकं, डांग्या खोकल्याची २०१२ पासून लाखो गरोदर बायकांनी घेतलेली आहे.

पाजत्या आयांबद्दल इथेच सांगून टाकते, कारण तीन-साडेतीन महिन्यांनी तुमची पत्नीही त्यांच्यात असेल. करोनाच्या लशीनंतर दोन दिवस पाजू नका असा सल्ला कित्येकींना कुणी ना कुणी दिला. माझ्याकडे एक आली, छाती दगडासारखी, अंगात ताप. दोन दिवस दूध पिळून मोरीत टाकलं होतं आणि बाळ वाटीचमच्यावर. लशीने काही झालं नव्हतं, दूध अडवल्याने गाठी झाल्या होत्या. लस घेतल्यावर पाजणं एक वेळसुद्धा थांबवायचं कारण नसतं. उलट आईच्या अंगात तयार झालेली प्रतिपिंडं, म्हणजे रोगाशी लढणारे घटक, दुधात उतरतात; करोनाच्या लशीनंतर ती दुधात सापडलेली आहेत. अपवाद सांगायचा तर पीतज्वराच्या लशीचा. आफ्रिकेत किंवा दक्षिण अमेरिकेत जाणाऱ्यांना ती लागते आणि बाळ लहान असेल तर ती डॉक्टरांशी बोलल्याशिवाय घेऊ नये. बाळंतपणानंतर रुबेलाची लस सांगितली तर पाजत असतानाही खुशाल घ्यावी.

तिची भीती काय असेल? अनुभवावरून सांगते. बहुतेकींच्या मनात एकच असतं, गर्भ टिकेल ना. कुणाच्या तरी ओळखीतल्या बाईने इंजेक्शन घेतलं आणि चार दिवसांत गर्भपात झाला, अशी गोष्ट प्रत्येक गावात असते आणि ती बहुधा खोटी नसते. लक्षात आलेल्या दर शंभर गरोदरपणांपैकी साधारण दहा ते पंधरा आपोआप संपतात, बहुतेक पहिल्या तीन महिन्यांत, आणि त्यातली पुष्कळ गर्भाच्या गुणसूत्रांतल्या दोषामुळे. टीडीचा पहिला डोस दिवस गेल्याचं कळल्यावर लवकरात लवकर द्यायचा असतो, म्हणजे नेमका याच काळात. इंजेक्शन शंभर जणींनी घेतलं तरी त्या दहा-पंधरा जणींच्या बाबतीत ते होणारच असतं. ज्या बाईने ते सोसलं आहे तिला हा हिशेब सांगू नये, तिच्याजवळ बसावं. पण तुमची पत्नी सहा महिन्यांच्या पुढे गेली आहे. आता द्यायच्या दोन्ही लशींत जिवंत जंतू नाहीत, त्या बाळाला रोग देऊच शकत नाहीत, आणि त्यांनी गर्भपात किंवा व्यंग होतं असं आजवरच्या अभ्यासांत दिसलेलं नाही.

दुसरी भीती ‘पुढे मूल होणार नाही’ ही. हिच्यावर जरा थांबते, कारण ही अफवा कुठून आली ते फार कमी लोकांना माहीत आहे आणि तिचं एक टोक आपल्या देशात आहे. दिल्लीच्या राष्ट्रीय प्रतिरक्षाविज्ञान संस्थेत डॉ. जी. पी. तलवार यांनी संततिनियमनाची लस बनवण्यावर काम केलं. गरोदरपणाच्या चाचणीपट्टीवर ज्याच्यामुळे दोन रेषा उमटतात, त्या एचसीजी या संप्रेरकाविरुद्ध शरीराला तयार करायचं, अशी कल्पना. शरीर त्या संप्रेरकाला परकं मानत नाही, म्हणून त्याला धनुर्वाताच्या लशीतल्या प्रथिनाची जोड दिली. ते काम गुपित नव्हतं, १९९४ मध्ये त्याचे निष्कर्ष छापूनही आले. पण ‘धनुर्वात’ आणि ‘मूल न होणं’ हे दोन शब्द एकत्र आले आणि नव्वदच्या दशकात मेक्सिको, फिलिपिन्समध्ये ओरड झाली की टीटीच्या नावाखाली बायकांना वांझ करतात. २०१४ मध्ये केनियात तिथल्या कॅथलिक बिशपांनी हाच आरोप पुन्हा केला. आपल्याकडे आणीबाणीतल्या नसबंदीची आठवण ताजी असलेल्या पिढीला तो खरा वाटणं स्वाभाविकच आहे. माझ्या लहानपणी घरातली मोठी माणसं सरकारी गाडी दिसली की दबक्या आवाजात बोलत. पण ती प्रयोगातली लस निराळी आणि रोज दिली जाणारी टीटी निराळी. टीटीत एचसीजी नाही. पहिल्या खेपेला टीटी घेतलेल्या माझ्याकडच्या हजारो बायका दुसऱ्या, तिसऱ्या बाळंतपणाला परत आल्या आहेत.

तिसरा प्रकार तुमच्या पत्नीसारख्या शिकलेल्या मुलींचा. त्यांना लशीतल्या घटकांची यादी हवी असते, पारा आहे का, ॲल्युमिनियम आहे का. असे प्रश्न आले की मला आनंद होतो, कारण त्यांची उत्तरं आहेत. अनेक डोसांच्या बाटलीतल्या टीडीमध्ये बाटली खराब होऊ नये म्हणून थायोमर्सल असतं. त्यातला पारा शरीरातून लवकर बाहेर पडणाऱ्या प्रकारचा आहे, मोठ्या माशांत साठणारा तो नव्हे. एकाच डोसच्या सिरिंजमध्ये येणाऱ्या लशींत ते बहुधा नसतंच. ॲल्युमिनियमचे क्षार असतात, तेही मिलिग्रॅमच्या अंशात. खोक्यातला माहितीचा कागद मागून घ्या. मी तो रुग्णाच्या हातात देते आणि सोबत बसून वाचते.

आता या दोन लशी नेमक्या का. डांग्या खोकला मोठ्या माणसाला झाला तर महिना-दोन महिने खोकला पुरतो, पण तो उठून कामाला जातो. दीड महिन्याच्या बाळाला झाला तर कधी कधी ते खोकतही नाही, श्वास घ्यायचंच थांबतं, निळं पडतं. बाळाची स्वतःची लस सुरू होते सहाव्या आठवड्याला, मग दहाव्या, मग चौदाव्या. जन्मापासून तिथपर्यंतचे दिवस उघडे. ते झाकायचा मार्ग म्हणजे आईची वार. आईच्या रक्तातली प्रतिपिंडं वारेतून बाळाकडे जातात, आणि शेवटच्या तीन महिन्यांत सगळ्यात जोरात. लस घेतल्यावर ती तयार व्हायला दोन आठवडे लागतात. म्हणून डांग्या खोकल्याची ही लस, तिला ‘टीडॅप’ म्हणतात, २७ ते ३६ आठवड्यांच्या मधे घ्यायची आणि प्रत्येक बाळंतपणात नव्याने घ्यायची, कारण मागच्या खेपेचा साठा या बाळापर्यंत पुरत नाही. इंग्लंडमध्ये २०१२ साली या खोकल्याने १४ तान्ही बाळं गेली. त्या ऑक्टोबरपासून तिथे गरोदर बायकांना लस सुरू केली आणि तीन महिन्यांच्या आतल्या बाळांमध्ये तिचा बचाव नव्वद टक्क्यांच्या आसपास दिसला. तुमच्या पत्नीची टीडीची एकच सुई झाली आहे, त्यामुळे दुसऱ्या टीडीऐवजी टीडॅप घेता येईल. तिच्यात धनुर्वात आणि घटसर्प आहेतच. म्हणजे एक सुई वाढत नाही, एकाच सुईत काम वाढतं. ती सरकारी कार्यक्रमात नाही, खाजगीत पैसे पडतात, हे मला खटकतं.

फ्लूचं थोडक्यात. पोट वाढलं की फुप्फुसांना जागा कमी पडते, हृदयावर भार असतो, म्हणून साधा वाटणारा फ्लू गरोदर बाईला आडवं करतो. २००९ मध्ये पुण्यात स्वाइन फ्लू आला तेव्हाची धावपळ ज्यांनी पाहिली, त्यांना हे वेगळं सांगावं लागत नाही. बाळाला सहा महिने होईपर्यंत फ्लूची लस देता येत नाही, त्यामुळे तेव्हाही आईचीच कामाला येते. बांगलादेशात झालेल्या आणि २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, गरोदरपणी फ्लूची लस घेतलेल्या आयांच्या बाळांमध्ये पहिल्या सहा महिन्यांतला तपासणीने सिद्ध झालेला फ्लू ६३ टक्क्यांनी कमी होता. ती कितव्याही महिन्यात चालते. आपल्याकडे पावसाळ्याच्या तोंडावर घेतलेली बरी. सरकारी दवाखान्यात गरोदर बायकांसाठी उपलब्ध आहे का, याची चौकशी जरूर करा.

इंग्लंड-अमेरिकेत असलेल्या आपल्या मुली आरएसव्हीच्या, म्हणजे तान्ह्या बाळांच्या छातीला गाठणाऱ्या एका विषाणूवरच्या लशीबद्दल फोन करून विचारतात. तिथे ती गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत देतात, इंग्लंडमध्ये २०२४ च्या सप्टेंबरपासून २८ आठवड्यांनंतर. तिथल्या मिडवाइफने सांगितली असेल तर घ्यावी, इथून आईने फोनवर नाही म्हणू नये.

गोवर, रुबेला, कांजिण्या यांच्या लशींत दुबळे केलेले पण जिवंत जंतू असतात, त्या गरोदरपणात देत नाहीत. पण दिवस गेल्याचं माहीत नसताना रुबेलाची लस घेतली गेली तर घाबरून गर्भपात करून घेऊ नका. अशा बायकांची बाळं जगभर तपासली गेली आहेत, लशीमुळे व्यंग आल्याचं दिसलेलं नाही.

एका लशीसाठी मात्र मी कुणाचं ‘विचार करून सांगतो’ ऐकून घेत नाही. पाच महिन्यांची गरोदर असलेल्या एका बाईला अंगणात कुत्रं चावलं. घरच्यांनी चार दिवस हळद लावली, कारण रेबीजची इंजेक्शनं पोटातल्या बाळाला गरम पडतील असं कुणी सांगितलं. पाचव्या दिवशी ती नेहमीच्या तपासणीला आली तेव्हा पिंढरीवरची जखम मला दिसली. तिला तिथून उठू दिलं नाही. लशीचा पहिला डोस आणि जखमेतलं सीरम घेऊनच ती घरी गेली, पुढचे डोस वेळेवर झाले. मुलगी झाली, आता शाळेत जाते. रेबीज एकदा झाला की वाचवणं जवळपास अशक्य. गरोदर असो, पाजती असो, कुत्रं चावलं की साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं जखम धुवायची आणि त्याच दिवशी दवाखाना गाठायचा.

आणि ज्या बायका नको म्हणतच नाहीत, पण राहून जातात, त्यांच्याबद्दल लिहिल्याशिवाय मला राहवत नाही. दिवाळीच्या आगेमागे बीडकडून ऊसतोडीला कोयते निघतात. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. मुकादमाची उचल आधीच घेतलेली असते, मग बाई गरोदर असली तरी जावंच लागतं. पहिली टीडी गावच्या उपकेंद्रात, दुसरीच्या तारखेला ती दोनशे मैलांवर फडात. परत येते ती बाळ घेऊन, आणि माता बाल संरक्षण कार्डावर दुसऱ्या डोसचा चौकोन कोरा. आशाताई त्या चौकोनाकडे बघते आणि ‘लाभार्थी अनुपस्थित’ लिहिते. त्या बाईच्या मनात लशीबद्दल तसूभरही शंका नव्हती. तिला कुणी समजावायची नव्हे, फडावर सुई न्यायची गरज होती.

सुखवस्तू घरांतही याची छोटी आवृत्ती असते. सातव्या महिन्यात मुलगी माहेरी जाते. सासरचे डॉक्टर समजतात, माहेरी देतील. माहेरचे समजतात, तिकडे झालं असेल. कार्ड कपाटात. टीडॅपची वेळ नेमकी हीच.

तर तुमच्यासाठी. आज रात्री जेवणं झाल्यावर, टीव्ही बंद करून, तिला तो एक प्रश्न विचारा. ती जे सांगेल ते तिच्याच शब्दांत कागदावर लिहा. तो कागद घेऊन पुढच्या तपासणीला दोघं जा आणि डॉक्टरांना सांगा, आम्हाला दहा मिनिटं हवी आहेत. डॉक्टरांनी “घ्या हो, सगळे घेतात” एवढ्यावर उडवलं तर पुन्हा विचारा, संकोच करू नका. तिने त्यांना सरळ विचारावं, “तुमच्या मुलीला दिली असती का?” हा प्रश्न मला पुष्कळजणी विचारतात. माझ्या मुलीला मी तिच्या दोन्ही बाळंतपणांत टीडॅप दिली आहे, सुई स्वतः धरून. आईंनाही सोबत न्या. नातवाला मांडीवर त्याच घेणार आहेत. खोकला असेल तर बाळापासून लांब राहायचं, हे त्यांनी डॉक्टरांच्या तोंडून ऐकलेलं बरं.

तिने त्या दिवशीही नको म्हटलं तर भांडू नका. ३६ आठवड्यांपर्यंत वेळ आहे, जितकी लवकर तितकी चांगली हे खरं, पण रागाच्या भरात घेतलेल्या सुईनंतर ती पुढच्या तपासणीलाच यायची नाही, हे मी पाहिलेलं आहे.

आणि हो म्हणाली तर सुई उजव्या दंडात घ्यायला सांगा. या दिवसांत ती डाव्या कुशीवर झोपत असेल आणि टोचलेला दंड एक-दोन दिवस दुखतो. टोचल्यावर अर्धा तास दवाखान्यातच बसा. तीव्र ॲलर्जी साधारण दहा लाख डोसांमागे एखादीला येते, पण आलीच तर डॉक्टर समोर असावेत. रात्री अंग कसकसलं तर पॅरासिटामॉल चालतं, किती घ्यायचं ते तिथेच विचारून घ्या. ताप दोन दिवसांत गेला नाही, किंवा बाळाची हालचाल कमी वाटली, तर लशीचं असेल म्हणून घरी बसू नका, लगेच दाखवा. कार्डावर लशीचं नाव आणि तारीख समोर उभं राहून लिहून घ्या. माहेरी जाताना ते कार्ड बॅगेत खाली नको, तिच्या हातातल्या पर्समध्ये द्या.